चौथा खड्डा

बन्सीधरचा मनोरा पाचव्यांदा कोसळला आणि सत्यशीलाबाईंनी पाचव्यांदा तोच प्रश्न विचारला.

"कुठून मोडला?"

बन्सीधर नुकताच तिसरी पास झालेला आणि आता रडायच्या बेतात आलेला. दुसऱ्या एखाद्या बाई असत्या तर 'राहू दे बाळा' म्हणाल्या असत्या, नाहीतर एक धपाटा तरी घातला असता. पण करंजवाडीच्या शाळेतल्या या बाईंचा कारभारच वेगळा. मे महिन्याची सुट्टी लागली तरी रोज सकाळी सातला पहिली ते तिसरीची बत्तीस पोरं त्या व्हरांड्यात गोळा करायच्या. ज्वारीचे धांडे, बाभळीचे काटे आणि सुतळी एवढंच भांडवल. काटे टोचून धांडे जोडायचे, त्यातून पूल बांधायचा, मनोरा बांधायचा, वर एकेक दगड ठेवत जायचं आणि मोडला की सगळ्यांनी धावत येऊन बघायचं, कुठून मोडला, का मोडला. ते वहीत काढायचं आणि पुन्हा बांधायचं. गावातली शहाणी माणसं म्हणायची, पगार घेऊन पोरांना चिपाडं खेळवायलीय. बाई बौद्धवाड्यातल्या पहिल्या शिकलेल्या. त्यांच्या वर्गात सगळ्या आळ्यांची पोरं मांडीला मांडी लावून बसायची, तेही काहींच्या डोळ्यांत खुपायचं. बाई दोन्हीकडे काणाडोळा करायच्या.

बन्सीधरनं नाक पुसलं, चिपाडं उलटीपालटी केली आणि म्हणाला, "मोडला न्हाईच बाई. तिरका व्हता, म्हणून पडला."

"शाब्बास. मग सरळ आहे की तिरका, हे पडायच्या आधी कसं कळणार?"

याचं उत्तर पंचफुलाच्या ओठावर होतं. पंचफुला म्हणजे बन्सीधरची थोरली बहीण. सातवीची परीक्षा दिलेली, आणि सुट्टीत बाईंच्या मदतीला येणारी. तिचे वडील सिताराम गवंडी, वालूरपर्यंत नाव असलेले. त्यांच्या थैलीतला पितळी ओळंबा तिनं पाळण्यात असल्यापासून पाहिला होता. दोरीला वजन टांगलं की दोरी सरळ खाली बघते, तिला कुणाची भीड नसते, असं तिचे आबाच सांगायचे. तिनं सुतळीला दगड बांधून पोरांना ते दाखवलं. मग काय विचारता. शाळेची भिंत, मारुतीचं देऊळ, झेंड्याचा खांब, जे उभं दिसेल त्याला पोरं सुतळी लावत सुटली.

शेवटी मोर्चा वळला टाकीकडे. त्या उन्हाळ्यात गावात दुसरा विषयच नव्हता. शाळेच्या मागं चार खांबांवर दीड मजला उंच सिमेंटची कोरी टाकी उभी होती. विहिरीवरची मोटार पाणी वर चढवणार, खाली तोट्या, घागर लावली की भरली. बायाबापड्यांची कोसभर पायपीट संपणार होती. आणि ती बांधली होती सिताराम गवंड्यानं, म्हणून पंचफुला रोज येताजाता मान वर करून तिच्याकडं एकदा तरी बघायचीच.

नागनाथ लोखंडी शिडीवरून सरसर वर चढला. हा बाईंचा भाचा, पंचफुलाच्याच वर्गातला. शाळेत 'बाई' म्हणायचं असूनही दिवसातून दोनदा 'आत्या' म्हणून जीभ चावायचा. त्यानं टाकीच्या काठाला सुतळी बांधून खाली सोडली. टोकाला दगड, दगडाखाली खिळा. खिळ्याच्या बरोबर खाली एक जड शहाबादी फरशी पडून होती. तिच्यावर, ओढ्याकडच्या काठापासून चार बोटं आत, पंचफुलानं खडूनं फुली मारली. तो मंगळवार होता.

शुक्रवारी सकाळी वारं पडलेलं असताना बन्सीधर ओरडत आला. खिळा फुलीवर नव्हता. एक बोट ओढ्याच्या बाजूला सरकला होता.

नागनाथनं सरळ त्याचाच कान धरला. फरशी कोणी हलवली? बन्सीधरनं आईची आण घेतली, म्हसोबाची घेतली, तरी नागनाथ कान सोडेना. पंचफुलानं दोघांना बाजूला केलं. भांडून काय कळणार होतं? बाईंनी शिकवलं होतं, तपासा. तिनं घरून चुन्याची डबी आणली आणि फरशीच्या चारी बाजूंनी जमिनीवर पांढरी रेघ ओढली. फरशी कुणी केसभर जरी सरकवली तरी रेघ विस्कटायला हवी.

शनिवारी तिघेही दिवस उजाडताच हजर झाले. चुन्याची रेघ जशीच्या तशी होती. सुतळी तीच, वरची गाठ तीच. आणि खिळा आता फुलीपासून दीड बोट लांब होता.

"फरशी न्हाई हलली," नागनाथ हळूच म्हणाला.

मग हललं काय? तिघांच्या माना एकदमच वर गेल्या. टाकी शांत उभी होती.

बाई आल्या, त्यांनी पाहिलं आणि आधी वही मागितली. मोटार कधी कधी चालू झाली होती, हे बन्सीधरनं आपल्या गिचमिड अक्षरात लिहून ठेवलं होतं, कारण मोटार चालू झाली की सगळी पोरं नाचायची. मंगळवारी टाकी रिकामी, खिळा फुलीवर. गुरुवारी गळती बघायला पाव टाकी भरली, खिळा एक बोट सरकला. शुक्रवारी संध्याकाळी अर्धी भरली, दीड बोट. पाणी वाढेल तशी टाकी झुकत होती, आणि झुकत होती ती नेमकी ओढ्याकडच्या खांबावर. त्या खांबाजवळची तोटी ठिबकत होती आणि बुडाशी चिखल झाला होता.

चारांतला तोच एक खांब का? हे सांगू शकेल अशी एकच व्यक्ती तिघांना आठवली. सरजाबाई. बांधकामावर पहिल्या दिवसापासून तिनं मातीच्या पाट्या उचलल्या होत्या. ती दारात ज्वारी पाखडत बसली होती. आधी काही सांगेचना. मग सूप बाजूला ठेवून तिनं इकडंतिकडं पाहिलं.

"तीन खड्डे पुरुषभर खणले, पार मुरूम लागंस्तोवर. चौथ्याच्या जागी म्हसोबाचा धोंडा व्हता. नारळ फोडून धोंडा हलवला, पर त्याच्या जाग्याखाली कुदळ मारायला एक गडी तयार हुईना. कमरेइतकं खणलं अन् बुजवलं. तुजा बाप म्हनत व्हता मुरूम न्हाई लागला. सरपंच म्हनले, हायगय नको, तारीख ठरलीय."

त्या भागात राहणाऱ्याला काळ्या मातीची तऱ्हा सांगावी लागत नाही. उन्हाळ्यात तिच्यावरून भरली बैलगाडी जाते आणि पाणी मुरलं की तीच माती लोण्यासारखी होते. टाकीचे तीन पाय खालच्या टणक मुरमावर होते आणि चौथा या मातीवर. सोमवारी उद्घाटन होतं. टाकीखालीच सतरंजी अंथरणार होते, कारण शाळेच्या आवारात सावलीला एक झाडसुद्धा नव्हतं. आणि पुढच्या रांगेत बसून स्वागतगीत म्हणणार होती बाईंच्या वर्गातली बत्तीस पोरं. त्यात बन्सीधर.

दुपारी आबा जेवायला बसले तेव्हा पंचफुलानं पाण्याचा तांब्या ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. खिळा, चुना, वही, सरजाबाई. सिताराम गवंड्याचा हातातला घास हातातच राहिला.

"बापाच्या कामात खोट काढायलीस?"

"न्हाई आबा. मोजलंय."

"काळी माती उन्हाळ्यात दगड असती. काय हुत न्हाई." त्यांनी ताट सरकवलं. "पंचक्रोशीत मला तोंड दाखवायचंय. ह्याच्यावर पुन्हा बोलायचं न्हाई."

आबा आपल्यावर कधी असे चिडले नव्हते, आणि ताटावरून अर्धपोटी उठलेलेही तिनं कधी पाहिले नव्हते. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. पंचफुलाला रडू आलं. बोलावं तर बापाची अब्रू जाते, गप्प बसावं तर भावाचा जीव टांगणीला.

रविवारी बाई वही घेऊन सरपंच माणिकरावांकडे गेल्या. माणिकराव वाईट माणूस नव्हते, पण एकदा ठरवलं की ठरवलं, त्यात कुणी बोट घातलेलं खपायचं नाही. त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही. बाईंनी निदान टाकी रिकामी ठेवा म्हणून हात जोडले, तर ते हसले. परभणीहून पाहुणे येणार आणि त्यांच्यापुढं रिकामी टाकी? शुभकार्याला कुणी रिकामं भांडं पुढं करतं का? पहाटेपासून मोटार लावून टाकी काठोकाठ भरायची, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. आणि पोरं बसवली नाहीत तर वर कळवीन, नवी नोकरी आहे तुमची, हेही ऐकवलं. फक्त व्हरांड्यात पोरांच्या वस्तूंचं प्रदर्शन मांडायला मात्र त्यांनी परवानगी दिली. तेवढंच पाहुण्यांना कौतुक.

बाई परतल्या त्या पडलेल्या चेहऱ्यानं. त्या म्हणाल्या, मी माझ्या हातानं एकही पोर तिथं बसवणार नाही. पण पंचफुलाला माहीत होतं, बाईंनी नाही बसवली तर माणिकराव स्वतः बसवतील. आया नवे कपडे घालून पोरं आणणार, त्यांना कोण अडवणार?

नागनाथ व्हरांड्यातल्या धांड्यांकडं टक लावून बघत होता. तो म्हणाला, "आत्या, मनोरा मोडला की आपली पोरं काय करतात?"

बाईंनी त्याच्याकडं पाहिलं. या खेपेला 'आत्या' म्हटल्याबद्दल त्या रागावल्या नाहीत.

सोमवारी पहाटेपासून मोटारीची घरघर चालू होती. ते घरघरणं पंचफुलाला अंथरुणातच ऐकू आलं आणि ती तशीच शाळेकडं पळाली. खिळा अडीच बोटांवर होता. नऊ वाजता तीन बोटं. सकाळची सावली ओढ्याच्या बाजूला पडते, म्हणून सतरंजी नेमकी त्याच बाजूला अंथरली होती. माणिकराव स्वतः पोरांना खांद्याला धरून रांगेत बसवत होते. बन्सीधर मधोमध बसला होता. तो पंचफुलाकडं बघून हसला, पण त्याचे ओठ पांढरे पडले होते. पाहुण्यांची जीप अजून यायची होती.

पन्नास पावलांवर, व्हरांड्याच्या पायरीवर, नागनाथनं धांड्यांची टाकी उभी केली होती. चार पाय, वर पितळी तांब्या. तीन पाय विटांवर, चौथा काळ्या मातीनं भरलेल्या वाटीत. नागनाथ तांब्यात पाणी ओतू लागला, पंचफुला वाटीत थेंब थेंब पाणी सोडू लागली. माती कडक होती, पाय हलेना. टाकीखाली ढोल वाजू लागला, कारण लांब रस्त्यावर जिपेची धूळ दिसली होती. पंचफुलानं आणखी थोडं पाणी सोडलं. आणि चौथा पाय गपकन खचला. तांब्या पायऱ्यांवरून ठणठणत खाली गेला.

सत्यशीलाबाई व्हरांड्यात उभ्या राहून खणखणीत आवाजात ओरडल्या, "कुठून मोडला?"

बत्तीस पोरं एकदम उठली. महिनाभराची सवय होती ती, तिला ना सरपंच आठवला ना पाहुणे. नव्या कपड्यांची, पावडर लावलेली ती फौज सतरंजी तुडवत व्हरांड्याकडं सुटली, आणि पोरांच्या मागं 'अगं थांब, अरे पडशील' करत त्यांच्या आया. अर्ध्या मिनिटात टाकीखाली फक्त सतरंजी, एक लोड आणि ढोलवाला उरला. तोही काय झालं ते बघायला निघून आला.

माणिकरावांचा पारा चढला. लाल चेहऱ्यानं ते व्हरांड्यापाशी आले. हा काय पोरखेळ, पोरांना परत बसवा म्हणाले. पंचफुलानं वाटीकडं बोट दाखवलं. त्यांनी वाटी पायानं बाजूला केली. "चिपाडाची टाकी अन् सिमेंटची टाकी एक हाय का? कोण म्हणतं माझी टाकी वाकडी हाय?"

पंचफुला गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या आबांकडं गेली. नवा फेटा बांधलेला, हातात थैली, कारण पाहुणे त्यांचा सत्कार करणार होते. सगळं गाव बघत होतं. तिनं थैलीतून पितळी ओळंबा काढला आणि त्यांच्या पुढं धरला. "आबा, आमची सुतळी खोटी असंल. तुमचा ओळंबा खोटं बोलत न्हाई, तुमीच सांगता. लावून बघा."

सिताराम गवंड्यानं लेकीकडं पाहिलं, मग बन्सीधरकडं. त्यांनी ओळंबा घेतला, शिडी चढले, पोरांच्या सुतळीशेजारीच दोरी सोडली. पितळ चमकलं, डुललं आणि स्थिरावलं. फुलीपासून साडेतीन बोटं.

ते खाली उतरले. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"मालक, पोरगी खरं सांगायलीय. चौथा खड्डा कमरेइतकाच हाय. मला माहीत व्हतं. मोटार बंद करा अन् कुणी जवळ येऊ नका."

मोटार बंद झाली. पण भरलेलं पाणी वरच होतं, आणि ते सोडायची चावी टाकीच्या पोटाखाली होती. कुणी काही म्हणायच्या आत सिताराम गवंडी थैलीतला पान्हा घेऊन तिकडं चालू लागले. पंचफुला मागोमाग गेली आणि वीस पावलांवर थांबली, जिथून ओळंबा आणि फरशी दोन्ही दिसत होती, आणि ओरडून म्हणाली की तो फरशीच्या काठाबाहेर गेला की मी हाक मारीन, मग काही झालं तरी पळायचं. आबांनी मान हलवली.

नवी चावी घट्ट बसली होती. पान्हा दोनदा निसटला. तिसऱ्यांदा फिरली, आणि ओढ्याकडं जाणाऱ्या नळातून पाण्याचा लोट सुटला. ओळंबा साडेतीनवरच होता. अर्धी चावी उघडली. पंचफुला पापणी न लववता बघत होती. नागनाथ तिच्या शेजारी येऊन उभा राहिला होता, पण तिला त्याचा पत्ता नव्हता. खांबाच्या बुडाशी चिखलातून बुडबुडे आले. ओळंबा सरकला. पावणेचार. आबा चावी पूर्ण उघडायच्या नादात वाकलेलेच होते. ओळंबा फरशीच्या काठावर आला, आणि बाहेर गेला.

"आबा, पळा!"

सिताराम गवंड्यानं वर पाहिलंच नाही. पान्हा टाकला आणि पळत सुटले. चौथा खांब हातभर खाली गेला, वरची तुळई कडाडली आणि टाकी हळूच कलून, मग एकदम, सतरंजीवर कोसळली. उरलेलं पाणी धूळ घेऊन शाळेच्या भिंतीपर्यंत आलं. लोड वाहत वाहत पाहुण्यांच्या जिपेपाशी गेला, कारण जीप तेवढ्यात फाटकातून आत शिरत होती.

कुणाला ओरखडासुद्धा आला नव्हता. पंचफुलानं आबांना घट्ट धरलं होतं. त्यांचा फेटा सुटला होता आणि ते तिच्या डोक्यावरून नुसता हात फिरवत होते. आया आपापली पोरं छातीशी धरून रडत होत्या. माणिकराव पायरीवर मटकन बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी बाईंकडं ती वही मागितली, पहिल्या पानापासून वाचली, आणि सगळ्या गावापुढं त्यांच्यापुढं हात जोडले. बाई, माझ्या घरातली दोन पोरं त्या रांगेत होती, एवढंच ते बोलू शकले. पाहुण्यांनी उद्घाटनाचं भाषण खिशातच ठेवलं. त्यांनी तिघा पोरांना जवळ बोलावून सगळी हकिकत ऐकली, पाठ थोपटली, आणि अशी सुट्टीतली शाळा साऱ्या तालुक्यात हवी म्हणाले. म्हसोबाचा धोंडा सरजाबाईनं स्वतः उचलून ओढ्याकाठच्या लिंबाखाली नेला. देवाला लेकरं प्यारी असतात, कुदळीचा त्याला राग येत नाही, असं तिनं परस्पर जाहीर करून टाकलं, आणि तिच्याशी वाद घालायला कुणी गेलं नाही.

त्या शुक्रवारी सकाळी वर्गात एक विद्यार्थी जास्त होता. सिताराम गवंडी व्हरांड्यात पोरांच्या रांगेत मांडी घालून बसले होते. बाईंनी बोलावलं तसे ते उठून पुढं गेले. फळ्याकडं पाठ करून त्यांनी पोरांना चारी खड्डे हातवारे करून दाखवले. मुरूम कशाला म्हणतात, काळी माती पाण्यानं कशी फुगते आणि खचते, सगळं सांगितलं. पंचफुला कडेला उभी होती. आबा पडलेल्या टाकीबद्दल पोरांसमोर बोलत आहेत, हे बघून तिला आधी वाईट वाटलं होतं. आता ती कान देऊन ऐकत होती.

पहिलीतली एक चिमुरडी उठून उभी राहिली. "तुमाला माहीत व्हतं ना, मंग सांगितलं कामून न्हाई?"

बाई मध्ये पडल्या नाहीत.

"भ्यालो, बाळा," सिताराम गवंडी म्हणाले. "आधी देवाला भ्यालो, मंग मालकाला, अन् शेवटाला माझ्याच नावाला. माझ्या लेकीलाबी भ्या वाटत व्हतं. तरी ती बोलली."

चिमुरडीनं मान डोलावली आणि खाली बसून वहीत लिहू लागली. पंचफुलाला वाटलं, टाकी उभी होती तेव्हाही आबांचा आपल्याला इतका अभिमान वाटला नव्हता. बाईंनी सगळ्यांना धांडे वाटले. आबा बन्सीधरच्या शेजारी जाऊन बसले आणि चौथ्या पायाला काटा कुठं टोचायचा, ते त्याला विचारू लागले.